खुडबुडीचे टेबल कसे मांडावे

भिंतीवरचे घड्याळ बंद पडले की मुंबईतल्या बहुतेक घरांत त्याचा पुढचा प्रवास ठरलेला असतो. सेल बदलून पाहिला जातो, पाठीवर दोन चापट्या मारल्या जातात, मग घड्याळ माळ्यावर जाते आणि दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या हवाली होते. माळा आणि भंगारवाला यांच्या मध्ये एक टेबल मांडावे आणि त्याच्याभोवती आठ-दहा मुले बसवून त्यांना अशा वस्तू उघडून पाहू द्याव्यात, एवढीच या लेखाची सूचना आहे. ते टेबल कसे मांडावे, त्यावर काय ठेवावे, काय मुळीच ठेवू नये आणि टेबलाशी बसलेल्या मोठ्या माणसाने काय करावे, हे पुढे सविस्तर लिहिले आहे. मी अनेक वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आणि निवृत्तीनंतर भांडुपच्या आमच्या सोसायटीच्या सभागृहात दर शनिवारी दुपारी असे टेबल मांडते. त्यामुळे यातल्या बऱ्याच सूचना आधी चुकून मग सुचलेल्या आहेत.

‘खुडबूड’ हा शब्द आपण तक्रारीच्या सुरात वापरतो. हल्ली शाळांच्या दारांवर ‘टिंकरिंग लॅब’ अशा पाट्या दिसतात, त्यातल्या टिंकरिंगला मराठीत याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून देशभरातल्या शाळांना सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अशा प्रयोगशाळा दिल्या. त्यासाठी प्रत्येक शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि सर्वसाधारणपणे दीड हजार चौरस फूट जागेची अपेक्षा असते. आमच्या इमारतीत तेवढ्या जागेत तीन कुटुंबे राहतात. ज्या शाळांना हे मिळाले त्यांनी त्याचा भरपूर वापर करावा. मात्र मी पाहिलेल्या एका शाळेत अशी खोली सामान खराब होईल या भीतीने पाहुण्यांच्या भेटीपुरतीच उघडली जात असे. खुडबुडीला खराब होण्याची भीती नसलेले सामान लागते, आणि ते फुकट मिळते.

जागा आणि वेळ

चार फूट बाय अडीच फुटांचे टेबल पुरते. तेही नसेल तर प्लायवुडचा तुकडा पलंगावर टाकावा किंवा चाळीच्या गॅलरीत सतरंजी अंथरून तिच्यावर पांढरी चादर पसरावी. चादर पांढरीच हवी, कारण घड्याळातला स्क्रू तांदळाच्या कण्यांएवढा असतो आणि रंगीत सतरंजीवर पडला की त्या दिवसापुरता संपला. उजेड भरपूर असावा. पावसाळ्यात दुपारी तीनलाच अंधारून येते, तेव्हा एक टेबललॅम्प लागतो. एका मोठ्या माणसामागे दहापेक्षा जास्त मुले घेऊ नयेत. मी एकदा उत्साहाने अठरा घेतली आणि दोन तास फक्त ‘ते खाली ठेव’ एवढेच म्हणत राहिले. वयाची मिसळ चालते, किंबहुना ती असावी. पाचवीतले मूल आठवीतल्याला जे प्रश्न विचारते, ते बरोबरीचे मूल लाजेपोटी विचारत नाही. वेळ सलग दोन तास हवा. शाळेची पस्तीस मिनिटांची तासिका यासाठी अपुरी पडते, कारण पहिली पंधरा मिनिटे सामान हाताळण्यात जातात आणि वस्तू चालत नाही हे कळेपर्यंत घंटा होते. शिक्षकांनी शक्य असेल तेथे जोड तासिका मागून घ्यावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवलेले आहेत, त्यातले दोन-तीन या कामी लावता येतात.

सामान

सोसायटीच्या फलकावर एक चिठ्ठी लावावी: ‘बंद घड्याळे, रिमोट, खेळणी, माऊस, संगणकातले पंखे, प्रिंटर फेकू नयेत, सभागृहात आणून द्यावेत.’ आमच्याकडे आठवडाभरात दोन खोकी भरली आणि एका आजोबांनी त्यांचा जुना ट्रान्झिस्टर रेडिओ आणून दिला, तो मात्र उघडू द्यायचा नाही या अटीवर. अट मान्य केली.

हत्यारे थोडी पण बरी घ्यावीत. बारीक स्क्रूड्रायव्हरचा एक संच, दोन पकडी, एक वायर कटर, चिमटा, पॉलिशपेपर, इन्सुलेशन टेप आणि वीज व जोड तपासणारा एक साधा डिजिटल मल्टिमीटर एवढ्यावर वर्ष निघते. स्वस्त स्क्रूड्रायव्हरचे टोक दोन दिवसांत झिजते, मग तो स्क्रूची खाच खातो आणि मुलाला वाटते आपलेच काही चुकले; म्हणून पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवावेत. सुटे भाग घेण्यासाठी लॅमिंग्टन रोडला जावे, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला. ग्रँट रोड स्थानकात उतरून पूर्वेला चालत गेले की काही मिनिटांत दुकाने लागतात. रविवारी बहुतेक शटर खाली असतात. एलईडी, विजेला अडथळा करणारे (आणि ओहममध्ये मोजले जाणारे) रेझिस्टर, बझर, स्विच, थोड्या विजेने जास्त वीज चालू करणारे ‘बीसी ५४७’ जातीचे ट्रान्झिस्टर, नऊ व्होल्टच्या बॅटरीच्या टोप्या आणि तारा चिमटीत धरणाऱ्या क्रोकोडाइल क्लिपा सुट्या मिळतात. शक्य असेल तर दोन मुलांना बरोबर न्यावे आणि काउंटरवर त्यांनाच बोलू द्यावे. ‘किती ओहमचा पाहिजे?’ हा दुकानदाराचा प्रश्न परीक्षेतल्या प्रश्नापेक्षा वेगळा असतो, कारण मागे रांग उभी असते.

पाचवीच्या आतल्या मुलांना विजेचे सामान देण्याची घाई नको. त्यांच्यासाठी काडेपेटीच्या काड्या, गूल काढून टाकलेल्या, आणि सायकलच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्हची रबरी नळी पुरेशी आहे. नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून त्यांत काड्या खुपसल्या की सांधे तयार होतात. ही युक्ती टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्ता यांची. त्यांच्या खेळण्यांनी देशातल्या असंख्य शिक्षकांना कचऱ्याकडे सामान म्हणून पाहायला लावले. काड्यांचा चौकोन दाबला की लगेच कलंडतो आणि त्रिकोण कलंडत नाही, एवढे मुलांच्या हातांना कळले की त्यांना रेल्वेच्या पादचारी पुलाखाली उभे करून वर पाहायला सांगावे.

काय टेबलावर येऊ द्यायचे नाही

या बाबतीत मी कडक आहे. ज्या वस्तूला भिंतीतल्या सॉकेटात जाणारी पिन आहे, तिची वायर मोठ्या माणसाने टेबलावर ठेवण्याआधीच मुळापासून कापून टाकावी, म्हणजे ‘लावून बघू का?’ हा प्रश्नच उरत नाही. जुने काचेच्या नळीचे टीव्ही आणि मायक्रोवेव्ह पूर्णपणे वर्ज्य. त्यांच्यातले काही भाग पिन काढल्यावरही विजेचा जोरदार धक्का देऊ शकतात. चार्जर आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश यांनाही याच कारणासाठी दूर ठेवावे. सीएफएल दिव्यात पारा असतो. मोबाइल, पॉवर बँक आणि लॅपटॉपच्या लिथियम बॅटऱ्या भोसकल्या किंवा वाकवल्या तर पेट घेतात, म्हणून फुगलेली बॅटरी तर खोक्यातही ठेवू नये. बटन सेल मोजून द्यावेत आणि मोजून परत घ्यावेत, विशेषतः लहान भावंडे आसपास असतील तर. गिळलेला सेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो, आणि तशी नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठावे. सोल्डरिंग, म्हणजे धातू वितळवून तारा जोडणे, आठवीच्या पुढच्यांनाच, एका वेळी एकाला, खिडकीशी आणि चश्मा घालून करू द्यावे. त्यानंतर हात साबणाने धुतल्याखेरीज वडापावला हात लावायचा नाही, कारण बाजारातल्या नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसे असते.

पहिला शनिवार: घड्याळ

सुरुवात बंद पडलेल्या क्वार्ट्झ घड्याळापासून करावी. ते दीड व्होल्टच्या एका पेन्सिल सेलवर चालते, म्हणून निर्धोक आहे, आणि ते आधीच बिघडलेले असल्याने बिघडवण्याची भीती नसते. दोन मुलांत एक घड्याळ द्यावे. काच काढून काटे अलगद वर उपसले की मागची काळी डबी सुटी होते. तिचे झाकण खाचांत अडकवलेले असते, नखाने किंवा पातळ स्क्रूड्रायव्हरने उचलले की उघडते. उघडण्याआधी एकच सूचना द्यावी: प्रत्येक पायरीला चित्र काढायचे. मोबाइलवर फोटो काढण्यापेक्षा चित्र बरे, कारण चित्र काढताना चाके मोजावी लागतात.

आत तीन-चार पांढरी दातेरी चाके, केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे, एक छोटीशी पट्टी आणि तिच्यावर तांदळाच्या दाण्याएवढी चंदेरी नळकांडी दिसते. या नळकांडीत क्वार्ट्झचा स्फटिक असतो आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा फळ्यावर लिहून गप्प बसावे. कोणीतरी ‘असा विचित्र आकडा का?’ असे विचारतेच. तेव्हा त्याला निम्मे करत जायला सांगावे. १६,३८४, ८,१९२, ४,०९६ असे करत पंधराव्या खेपेला बरोबर एक उरतो. पट्टीवरच्या काळ्या ठिपक्याखालची चिप नेमके हेच करते आणि दर सेकंदाला वेटोळ्यात एक ठोका पाठवते. सर्वांत लहान चाकाला स्क्रू चिकटतो, तेव्हा ते चुंबक असल्याचे मुलांना आपसूक कळते. प्रत्येक ठोक्याला हे चुंबक अर्धा फेरा फिरते, म्हणजे मिनिटाला तीस फेरे. सेकंदकाटा तर मिनिटाला एकच फेरा घेतो. मग मधल्या चाकांनी तिसाचा एक कसा केला, हे शोधायचे तर दाते मोजल्याशिवाय गत्यंतर नाही.

दाते मोजणे हे या दुपारचे खरे काम. गेल्या वर्षी सहावीतल्या एका मुलीने एकच चाक चार वेळा मोजले आणि दर वेळी उत्तर एक-दोनाने वेगळे आले. शेजारच्या मुलाने मोजले तर पाचवे उत्तर आले. मी काहीही सुचवले नाही, म्हणजे सुचवण्याची इच्छा दाताखाली दाबून ठेवली. थोड्या वेळाने ती घरी पळाली आणि आईची नेलपॉलिश घेऊन आली. एका दात्यावर लाल ठिपका लावला, चाक सुईच्या टोकाने एकेक दाता पुढे ढकलले आणि ठिपका परत आला तेथे थांबली. मग म्हणाली, ‘बाई, मी सुरुवातीचा दात दोनदा मोजत होते.’ मापनातली त्रुटी हा धडा मी पंचवीस वर्षे शिकवला, पण नेलपॉलिश मला कधी सुचली नाही.

घड्याळ परत जोडून चालू झालेच पाहिजे, अशी अट पहिल्या दिवशी घालू नये. बहुतेकांना ते जमत नाही. ज्यांना जमते त्यांना बहुधा असे आढळते की सेलच्या खाचेतली पत्र्याची पट्टी गंजली होती आणि ती पॉलिशपेपरने घासताच काटा हलला. मुंबईच्या दमट हवेत आणि गळक्या सेलमुळे हे नेहमीच होते.

दुसरा शनिवार: मोटर

आता बनवण्याकडे वळावे. एक पेन्सिल सेल, दोन सेफ्टीपिना, रबरबँड, जुन्या स्पीकरमधले चुंबक आणि मोटर वाइंडिंगच्या दुकानातून आणलेली, वीज अडवणारा मुलामा दिलेली तांब्याची तार लागते. तारेचे दहा-बारा वेढे सेलवरच गुंडाळावेत, वेटोळे काढून त्याची दोन टोके समोरासमोर सरळ बाहेर ठेवावीत. सेफ्टीपिना सेलच्या दोन टोकांना रबरबँडने धरून त्यांच्या छिद्रांत ही टोके टेकवावीत आणि खाली सेलवर चुंबक ठेवावे. तारेचे एक टोक पॉलिशपेपरने पूर्ण घासायचे आणि दुसऱ्याचा मुलामा फक्त वरच्या अर्ध्या बाजूचा काढायचा.

ही शेवटची सूचना द्यावी की राखून ठेवावी, यावर शिक्षकांचे मतभेद आहेत. मी ती राखून ठेवते. दोन्ही टोके पूर्ण घासली तर वेटोळे अर्धा फेरा घेते आणि तेथेच डुचमळत राहते, कारण पुढच्या अर्ध्या फेऱ्यात चुंबकाचा जोर त्याला मागे ओढू लागतो. अर्धा मुलामा ठेवला की त्या अर्ध्या फेऱ्यात वीजच तुटते, वेटोळे आपल्या वेगाने पुढे निघून जाते आणि पुन्हा जोर मिळतो. डुचमळणारे वेटोळे दहा मिनिटे पाहिलेल्या मुलाला हे दोन वाक्यांत कळते. न पाहिलेल्याला आकृती काढूनही कळत नाही.

मोटर पहिल्या फटक्यात फिरत नाही. आठवीतला एक मुलगा चाळीस मिनिटे बसून होता. त्याने सेल बदलला, दुसरे चुंबक लावले, वेटोळे नव्याने गुंडाळले. मला पाहताक्षणी दिसत होते की तार घासलेलीच नाही, तिच्यावरचा तांबूस मुलामा तांब्यासारखाच दिसतो म्हणून तो फसला होता. शेवटी त्याने मल्टिमीटर बीपवर, म्हणजे जोड पूर्ण असला की वाजणाऱ्या खुणेवर, लावून एकेक जोड तपासायला घेतला आणि तारेवर बीप वाजली नाही, तेव्हा तो खुर्चीतून उठून उभा राहिला. मी पाचव्या मिनिटाला सांगितले असते तर मोटर फिरली असती, पण मल्टिमीटर त्याच्या हाती आला नसता. इशारा एकच: वेटोळे अडकून राहिले तर सेल आणि तार तापतात, तेव्हा ते लगेच उचलायला सांगावे.

तिसऱ्यापासून पुढे: मुलांची स्वतःची अडचण

यानंतर विषय आपण देऊ नये, घरातून आणायला सांगावा. आमच्याकडे सर्वाधिक वेळा आलेली अडचण पाण्याची आहे. मुंबईच्या मोठ्या भागाचे पाणी भांडुप संकुलात शुद्ध होते, तरी त्याच भांडुपच्या वस्त्यांत पाणी ठरल्या वेळेलाच येते आणि पिंप भरून वाहते तेव्हा घरातले कोणीतरी झोपलेले असते. म्हणून पिंप भरताच वाजणारा बझर.

ट्रान्झिस्टरला कलेक्टर, बेस आणि एमिटर असे तीन पाय असतात. नऊ व्होल्टच्या बॅटरीच्या धन टोकापासून बझरची लाल वायर, बझरची काळी वायर ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला, एमिटर बॅटरीच्या ऋण टोकाला. धन टोकापासूनच एक किलोओहमच्या रेझिस्टरमधून दुसरी वायर पिंपाच्या तोंडाशी न्यायची आणि तिच्याशेजारी, बोटभर अंतरावर, ट्रान्झिस्टरच्या बेसपासून आलेली वायर सोडायची. ‘बीसी ५४७’ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली ठेवले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम असतो. पाणी दोन्ही तारांना टेकले की नळाच्या पाण्यातले क्षार थोडीशी वीज वाहू देतात, तेवढी बेसला पुरते आणि बझर वाजतो. महिनाभराने धन बाजूच्या तारेचे टोक हिरवट होऊन झिजते. तेव्हा मुले तक्रार घेऊन येतात आणि विद्युत अपघटनाचा, म्हणजे विजेने पदार्थाचे विघटन होण्याचा, धडा आपल्या पायांनी चालत येतो. तांब्याऐवजी स्टीलचा चमचा वापरून पाहण्याची कल्पना पाचवीतल्या एकाने काढली होती. पिण्याच्या पिंपाला मात्र हे लावू नये.

आपण काय बोलावे

मूल अडले की ‘दाखव’ म्हणून वस्तू आपल्या हातात घेण्याची सवय सर्वांत घातक आहे, आणि ती शिक्षकांत पालकांपेक्षा जास्त असते. मी टेबलाशी बसताना हात मांडीवर ठेवते. विचारायचे प्रश्न थोडेच आहेत: ‘काय होईल असं वाटलं होतं?’, ‘काय झालं?’, ‘आता एकच गोष्ट बदलायची तर कोणती बदलशील?’ यातला तिसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा, कारण मुले घाईने सेल, चुंबक आणि वेटोळे एकदम बदलतात आणि मग मोटर कशामुळे फिरली हे कळत नाही. ‘शाब्बास, हुशार आहेस’ यापेक्षा ‘तू तार कशी तपासलीस ते याला दाखव’ असे म्हणावे. पालकांना पहिले दोन शनिवार दाराबाहेर चहा द्यावा. एका वडिलांनी मुलाच्या हातातून पकड घेऊन संपूर्ण मोटर स्वतः केली, खूप आनंदाने. पुढच्या वेळी त्यांना वेगळे टेबल दिले.

वही असावी, पण ती तपासू नये आणि गुण तर देऊच नयेत. तारीख, काय करून पाहिले, काय झाले आणि पुढे काय, एवढे चार रकाने पुरतात. अक्षर आणि शुद्धलेखन यांवर लाल शाई चालवली की मुले फक्त जमलेले तेवढेच लिहू लागतात. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेच्या तयारीसाठी या वर्गाचा उपयोग होईल का, असे सहावी आणि नववीच्या मुलांचे पालक विचारतात. तेथे प्रात्यक्षिक परीक्षा असल्याने हाताची सवय कामी येते, परंतु टेबल त्यासाठी मांडू नये. स्पर्धेचे नाव निघाले की वहीत ‘काय झाले’ या रकान्यात खोटे उतरू लागते.

दोन-तीन महिन्यांनी एखादी सहल काढावी. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र बहुतेक मुलांनी लहानपणी पाहिलेले असते, पण दाते मोजून झाल्यावर तेथल्या यंत्रांपुढे ती जास्त वेळ उभी राहतात. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. शिक्षकांनी तेथील कार्यक्रमांची चौकशी अवश्य करावी.

आवराआवर

शेवटची वीस मिनिटे आवरायला ठेवावीत आणि ती मुलांनीच करावी. स्क्रू बाटल्यांच्या झाकणांत, तारा रबरबँडने बांधून, चुंबके घड्याळांपासून दूर. सुटे झालेले सर्किट बोर्ड ओल्या कचऱ्यात किंवा नेहमीच्या भंगारात न टाकता वेगळ्या पिशवीत साठवावेत आणि वर्षातून दोनदा ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राला द्यावेत. हत्यारांना पावसाळ्यात शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवावा, नाहीतर ऑगस्टमध्ये पकड उघडत नाही. ज्यांचे काम अर्धे राहिले त्यांनी ते बुटांच्या खोक्यात घालून वर नाव आणि अडलेली जागा लिहावी: ‘चाक क्र. ३ बसत नाही’, ‘बझर वाजतो पण थांबत नाही’. आमच्या सभागृहाच्या कपाटात सध्या अशी अकरा खोकी आहेत आणि पुढच्या शनिवारी येणारी मुले आधी स्वतःचे खोके काढतात की दुसऱ्याचे, याचा मला अजून अंदाज बांधता आलेला नाही.